जुन्या एमजीबीला दुसरा गिअरबॉक्स घेताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या वाचकांची आहेत, आणि तिन्ही एमजीबी या स्पोर्ट्‌स कारच्या गिअरबॉक्सविषयी आहेत. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार झाली आणि पाच लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मुबलक मिळतात. मात्र अठरा वर्षांत आतले बरेच काही बदलत गेले असल्याने बाहेरून सारखे दिसणारे दोन गिअरबॉक्स एकमेकांच्या जागी बसतीलच असे नाही. म्हणून तिन्ही पत्रांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९६६ सालची एमजीबी रोडस्टर आहे. पहिल्या तीन गिअरांत घरघर ऐकू येते, चौथ्यात ती जवळजवळ थांबते. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना दाते घासल्याचा आवाज होतो. गिअरबॉक्स बदलावा लागेल, असे गॅरेजमध्ये सांगितले. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत : १९७२ च्या एमजीबीतून काढलेला, ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडयंत्रणा) असलेला वापरलेला गिअरबॉक्स, जो ‘सरळ बसेल’ असे विक्रेता म्हणतो; माझा जुना देऊन बदल्यात मिळणारा, दुरुस्त केलेला मूळ प्रकारचा गिअरबॉक्स; आणि आधुनिक पाच गिअरांचा संच. कोणता घ्यावा? (एक वाचक, रेडिंग)

उत्तर : तुम्ही लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे निदानापासून सुरुवात करता येते. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि मागे जाणारा मुख्य शाफ्ट थेट जोडले जातात. त्यांच्या खाली समांतर बसवलेला लेशाफ्ट तेव्हाही फिरत असतो, पण त्याच्यावर भार नसतो. पहिल्या तिन्ही गिअरांत मात्र सगळी शक्ती लेशाफ्टमधूनच जाते. त्यामुळे तीन गिअरांत घरघर आणि चौथ्यात शांतता असेल, तर लेशाफ्ट आणि त्यावरचे सुईसारखे रोलर झिजले आहेत, असे बहुतेक वेळा निघते. या गिअरबॉक्सचा हा नेहमीचा आजार आहे आणि तो तेल बदलून बरा होत नाही.

दुसऱ्या गिअरच्या घासण्याबद्दल मात्र लगेच गिअरबॉक्सला दोष देऊ नका. इंजिन मंद गतीवर चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे दाते जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी यंत्रणा, नसतो. त्यामुळे एवढे थांबूनही दाते करकरले, तर क्लच पूर्ण सुटत नाही, असा त्याचा अर्थ होतो. तसे असल्यास आधी क्लचच्या हायड्रॉलिकमधील हवा काढा आणि त्याचे सिलिंडर तपासा. रिव्हर्स निमूटपणे पडला, तर मग दुसऱ्या गिअरचा सिंक्रो-रिंग झिजला आहे असे समजावे.

आता तुमच्या गाडीत कोणता गिअरबॉक्स बसतो, हा मुख्य मुद्दा. एमजीबीच्या चार सिलिंडरच्या गाड्यांत ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. १९६२ ते १९६४ मधील इंजिनांचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर फिरत असे. त्यांना जोडलेल्या गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे टोक बारीक असते. १९६४ च्या अखेरीस पाच बेअरिंगांचे इंजिन आले आणि ते टोक जाड झाले. या दोन्ही प्रकारांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. १९६७ च्या अखेरीस मार्क २ गाडीबरोबर चारही पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश असलेला, आकाराने मोठा गिअरबॉक्स आला आणि तो मावावा म्हणून कारखान्याने गाडीच्या तळाचा बोगदाच रुंद केला. स्टार्टरही त्याच वेळी बदलला.

तुम्हाला १९७२ चा गिअरबॉक्स ‘सरळ बसेल’ असे सांगणाऱ्याचे म्हणणे म्हणूनच मान्य करता येत नाही. तो बसवायचा तर बोगदा कापून-ठोकून मोठा करावा लागेल आणि इंजिनामागची पट्टी, फ्लायव्हील व स्टार्टर त्याच काळातले घ्यावे लागतील. हे सगळे करून तो बसवलेल्या गाड्या आहेत, पण मग त्याची स्वस्ताई कुठे उरते? आणि साठ वर्षे शाबूत राहिलेल्या पत्र्यावर एका गिअरबॉक्ससाठी हातोडा पडावा, हे मला मनापासून पटत नाही.

पैसे देण्याआधी इंजिनाच्या ब्लॉकवर उजव्या बाजूला रिव्हेट केलेली पट्टी वाचा. ‘१८जी’ किंवा ‘१८जीए’ ही सुरुवात तीन बेअरिंगांच्या इंजिनाची. ‘१८जीबी’ ही पाच बेअरिंगांच्या इंजिनाची, आणि १९६६ च्या गाडीत हीच अपेक्षित आहे. पुढच्या अक्षरांत ‘आरयू’ असेल तर कारखान्यातून ओव्हरड्राइव्ह बसवून आला होता. नुसते ‘यू’ असेल तर नव्हता. मात्र इतक्या वर्षांत कोणी इंजिनच बदलले असण्याची शक्यता असते. गाडी मुळात कशी होती हे कागदावर हवे असेल, तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवर आधारलेला हेरिटेज दाखला मिळतो. गिअरबॉक्स मागवताना मात्र आज गाडीत प्रत्यक्ष कोणते इंजिन आहे, तेच धरायचे.

दुसरा पर्याय, म्हणजे मूळ प्रकारचा दुरुस्त केलेला गिअरबॉक्स, मी तुमच्यासाठी निवडतो. त्याचे मुख्य कारण या गाडीच्या बांधणीत आहे. एमजीबीचा गिअरबॉक्स खालून एकटा उतरत नाही, कारण क्लचभोवतीचे घंटेच्या आकाराचे आवरण गिअरबॉक्सच्या सांगाड्याचाच भाग आहे. आधी इंजिन उतरवावे लागते, किंवा दोन्ही एकत्र वर उचलावे लागतात : बॉनेट काढायचे, रेडिएटर काढायचा, एक्झॉस्ट सोडायचा, साखळीला टांगून इंजिनाचे नाक वर करत सगळे बाहेर ओढायचे. घरच्या अंगणात दोघांचे शनिवार-रविवार त्यात जातात आणि गॅरेजमध्ये मजुरीचे मोठे बिल होते. चुकीचा किंवा झिजलेला गिअरबॉक्स बसवला तर हे सगळे दोनदा करावे लागते. म्हणून इथे वाचलेले पौंड हिशेबात धरू नयेत. आत काय बसवले आहे याची खात्री मिळत असेल, तर तिच्यासाठी जास्त पैसे द्यावेत.

‘दुरुस्त केलेला’ या शब्दावर मात्र विसंबू नका. नुसते धुऊन, रंगवून, नवे गॅस्केट लावलेले गिअरबॉक्सही त्याच नावाखाली विकले जातात. विक्रेत्याकडून लेखी घ्या : लेशाफ्ट नवा आहे का, त्याचे रोलर नवे आहेत का, पुढचे-मागचे बेअरिंग, सिंक्रो-रिंग आणि तेलाचे सील बदलले आहेत का, पहिल्या गिअरच्या दात्यांची स्थिती काय आहे. हा शेवटचा प्रश्न तुमच्या प्रकारासाठी फार महत्त्वाचा आहे. पहिल्या गिअरचे सरळ दाते सरकत येऊन एकमेकांत शिरतात आणि गाडी थांबण्याआधी पहिला टाकणाऱ्या आधीच्या मालकांनी त्यांच्या कडा खांडून ठेवलेल्या असतात. हे चक्र महाग असल्याने पुष्कळदा जुनेच परत घातले जाते.

बदल्यात देण्याच्या व्यवहारात किमतीवर ‘सरचार्ज’ म्हणून जादा रक्कम आकारतात. जुना गिअरबॉक्स दिल्यावर ती रक्कम परत मिळते, पण जुना दुरुस्त होण्याजोगा असला तरच. तुमच्या जुन्याचा सांगाडा तडकलेला निघाला, तर किती कापून घेणार, हे आधीच विचारा. घाई नसेल तर त्याच कारागिराकडून स्वतःचाच गिअरबॉक्स दुरुस्त करून घेणे मला अधिक आवडेल. गाडी काही आठवडे उभी राहील, पण तिचा मूळ सांगाडा तिच्याचकडे राहील आणि काढलेले झिजके भाग तुम्ही डोळ्यांनी पाहू शकाल. ते भाग परत मागाच.

ओव्हरड्राइव्हची इच्छा असेल तर ती याच वेळी पुरी करावी, कारण इंजिन पुन्हा उतरणार नाही. तुमच्या काळाला लेकॉक डी नॉर्मनव्हिल बनावटीचा डी-टाइप ओव्हरड्राइव्ह शोभतो. तो साध्या गिअरबॉक्सच्या मागे नुसता जोडता येत नाही. आतला मुख्य शाफ्टच वेगळा लागतो. म्हणून ओव्हरड्राइव्हसह पूर्ण जुळवलेला गिअरबॉक्स घ्यावा आणि मागवण्याआधी मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी मोजून विक्रेत्याला कळवावी. फायदा मोठा आहे. चौथ्यात ताशी ७० मैलांवर तुमचे इंजिन मिनिटाला सुमारे ३,९०० फेरे घेते. ओव्हरड्राइव्ह लागल्यावर ते सुमारे ३,१०० वर येते. लंडनहून ब्रिस्टलला जाताना हा फरक कानांना, पेट्रोलला आणि इंजिनालाही जाणवतो.

पाच गिअरांच्या संचाला मी नाव ठेवत नाही. फोर्ड सिएरामधील टाइप ९ किंवा माझ्दा एमएक्स-५ मधील गिअरबॉक्सवर आधारलेले असे संच मिळतात. पहिल्यासह सगळ्या गिअरांना सिंक्रोमेश मिळतो आणि पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचे काम करतो. रोज कामाला जाण्यासाठी गाडी वापरणाऱ्याने तो जरूर विचारात घ्यावा. मात्र हा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, संच नेमक्या तुमच्या वर्षाच्या बोगद्यासाठी आहे का हे पाहावे लागते, आणि पहिल्या गिअरचा तो जुना, सरळ दात्यांचा सूर कायमचा जातो. तुमच्या पत्रावरून तुम्ही गाडी रविवारची सफर करण्यासाठी ठेवली आहे असे दिसते, म्हणून मी मूळ प्रकाराकडेच झुकतो.

व्यवहाराबद्दल थोडे. व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर ती परत करून पूर्ण पैसे मागण्याचा हक्क २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टनुसार ३० दिवस असतो. गिअरबॉक्स आणून तीन महिने गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलात, तर हा काळ न वापरताच निघून जाईल. म्हणून इंजिन उतरवण्याचा दिवस ठरल्यावरच मागवा. रक्कम १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर थोडी तरी क्रेडिट कार्डाने द्यावी. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ प्रमाणे कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. खासगी व्यक्तीकडून घेताना ३० दिवसांचा हा हक्क नसतो.

बसवण्याच्या दिवशी क्लच प्लेट, तिचे कव्हर, कार्बनच्या कड्याचे रिलीज बेअरिंग, क्रँकच्या मागचे तेलाचे सील आणि स्पिगॉट बुश हे सगळे नवे घालावे. गिअरबॉक्स इंजिनाला जोडताना त्याचे वजन क्षणभरही पुढच्या शाफ्टवर लटकू देऊ नका, नाहीतर नवी क्लच प्लेट तिथेच वाकते. आत तेल २०डब्ल्यू-५० जातीचे साधे इंजिन ऑइल घालावे. डिफरन्शियलसाठीचे हायपॉइड गिअर ऑइल घालू नये, कारण ओव्हरड्राइव्हमधील शंकूच्या आकाराच्या क्लचला पकड लागते आणि ते तेल ती मारते. तेलाची पातळी मोजण्याची पट्टी गालिच्याखाली, रबरी बुचाच्या आत असते. पहिल्या फेरीनंतर ओव्हरड्राइव्हमध्ये तेल भरून पातळी उतरते, तेव्हा पुन्हा पाहून घाला.

प्रश्न : आमच्या १९७३ च्या एमजीबी जीटीचा ओव्हरड्राइव्ह महिनाभरापासून लागत नाही. चारही गिअर व्यवस्थित आणि शांत आहेत. ओव्हरड्राइव्हसह दुसरा गिअरबॉक्स घ्या, असा सल्ला मिळाला असून एक पाहूनही ठेवला आहे. घ्यावा का? (एक वाचक भगिनी, लेस्टर)

उत्तर : अजून घेऊ नका. चारही गिअर शांत असताना केवळ ओव्हरड्राइव्ह लागत नाही एवढ्यावरून इंजिन उतरवणे म्हणजे दिवा लागत नाही म्हणून घराची वायरिंग उखडण्यासारखे आहे. या गाड्यांत ओव्हरड्राइव्ह बंद पडण्याचे कारण बहुधा विजेच्या जोडणीत सापडते.

तुमच्या गाडीत एलएच प्रकारचा ओव्हरड्राइव्ह आहे. तो तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्येच लागावा म्हणून गिअरबॉक्सवर एक लहान स्विच असतो, आणि सगळ्यांत जास्त वेळा तोच बिघडतो किंवा त्याची तार तुटते. इग्निशन चालू, इंजिन बंद, गिअर चौथा, ओव्हरड्राइव्हचा स्विच चालू अशा स्थितीत सोलेनॉइडकडे (ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विद्युतचुंबकाकडे) जाणाऱ्या तारेला तपासणीचा दिवा लावून पाहा. दिवा लागला नाही, तर दोष सोलेनॉइडच्या आधीच्या जोडणीत आहे : हातातला स्विच, त्याच्याकडे येणारी तार किंवा गिअरबॉक्सवरचा स्विच. दिवा लागला, तर सोलेनॉइडला बॅटरीतून थेट वीज देऊन तो हलतो का ते पाहा. तोही ठीक असेल, तर तेलाची पातळी बघा. ती खाली गेली की पंपाला दाब बांधता येत नाही. त्यानंतर ओव्हरड्राइव्हच्या तळाची झाकणपट्टी काढून आतली जाळी रॉकेलने (इंग्लंडमध्ये ते पॅराफिन म्हणून मिळते) धुवा. यांतील एकाही कामासाठी इंजिन उतरवावे लागत नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. ओव्हरड्राइव्ह लागून राहिला आणि सुटत नसला, तर गाडी मागे घेऊ नका, ढकलूनही नाही. रिव्हर्समध्ये एकाच दिशेने फिरणाऱ्या रोलर क्लचवर उलटा जोर येतो आणि आतले भाग तुटतात. अशा वेळी गाडी जिथे असेल तिथेच उभी करून मदत बोलवावी.

हे सर्व करूनही दाब मिळाला नाही, तरच दुसरा घ्या. त्या वेळी ओव्हरड्राइव्हवरील लेबलचा रंग पाहा. तुमच्या गाडीच्या काळात काळे लेबल होते. सुमारे १९७४ पासून निळे आले आणि त्याबरोबर स्पीडोमीटरची गतीही बदलली. स्पीडोमीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत १२८० किंवा १००० असा आकडा छापलेला असतो : एका मैलात केबलचे तेवढे फेरे. काळ्या लेबलाशी १२८० जुळतो, निळ्याशी १०००. निळ्या लेबलाचा ओव्हरड्राइव्ह तुमच्या गाडीत बसेल आणि चालेलही, पण स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवेल. वेगमर्यादेच्या कॅमेऱ्यांच्या देशात हे परवडणारे नाही. तो त्याच वेळी जुळवून घ्यावा.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये ब्यूलीच्या ऑटोजंबलला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजाराला, जाणार आहे. माझ्या १९६५ च्या एमजीबीसाठी तिथे एखादा गिअरबॉक्स मिळाला तर घेईन म्हणतो. मैदानावर, गाडीतून काढलेला गिअरबॉक्स पारखायचा कसा? (एक वाचक, साउदॅम्प्टन)

उत्तर : खडू, विजेरी, पांढरे फडके, एक रिकामा डबा आणि पान्यांचा लहान संच बरोबर न्या.

पहिल्यांदा प्रकार ओळखा. गिअर पहिल्यात टाकून पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूच्या खुणा करा आणि मागचा शाफ्ट बरोबर पाच वेळा फिरेपर्यंत पुढच्याचे फेरे मोजा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसलेल्या जुन्या प्रकारात ते १८ हून किंचित जास्त भरतात, कारण गुणोत्तर ३.६४ आहे. नव्या प्रकारात ते ३.४४ असल्याने फेरे १७ हून किंचित जास्त होतात. एका फेऱ्याचा हा फरक विक्रेत्याच्या आठवणीपेक्षा अधिक भरवशाचा आहे. मग पुढच्या शाफ्टचे टोक पाहा. तुमच्या १९६५ च्या गाडीला जाड टोकाचा हवा. घरून निघताना इंजिनाच्या पट्टीचा फोटो काढून न्या.

त्यानंतर मागची फ्लँज वर-खाली हलवून खेळ पाहा, घंटेच्या आवरणाच्या कानांना आणि स्टार्टरच्या छिद्रांना तडे आहेत का ते विजेरीने बघा. डब्यात थोडे तेल काढून ते फडक्यावर ओता. राखाडी, मऊ चिकटा थोडा असतोच. पितळी चमक सिंक्रो-रिंगांची असते. मात्र बोटाला टोचणारे पोलादी कण दिसले, तर तो गिअरबॉक्स तिथेच ठेवा.

शेवटी बाजूचे झाकण उघडू देण्याची विनंती करा. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका ऑटोजंबलमध्ये असाच एक गिअरबॉक्स घेतला. शाफ्ट हाताने लोण्यासारखा फिरत होता, विक्रेता बोलायला सज्जन होता, आणि झाकण उघडले तर गॅस्केट फाटेल असे तो म्हणाला म्हणून मी आग्रह धरला नाही. बसवल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात घरघर सुरू झाली. इंजिन दुसऱ्यांदा उतरवून लेशाफ्ट हातात घेतला, तेव्हा रोलर फिरतात त्या पट्ट्यावर नखाएवढ्या जागेत पोलादाचे कवच उडून खड्डे पडले होते. झाकण काढले असते, तर लेशाफ्टवरचे दंतचक्र बोटाने उचलून पाहताच त्याचा खेळ जाणवला असता, आणि पहिल्या गिअरच्या खांडलेल्या कडाही दिसल्या असत्या. हाताने फिरवताना भार नसतो, त्यामुळे असा दोष कधीच कळत नाही.

विक्रेत्याने झाकण उघडू दिले नाही, तर केवळ सांगाड्याची किंमत द्यावी आणि आतले सगळे नवे घालावे लागेल हे धरूनच घ्यावा. त्या किमतीला तो देत नसेल, तर दुसरा स्टॉल पाहा. उघडू दिल्यास गॅस्केटचे पैसे तुम्ही आपणहून द्या. दहा मिनिटांच्या त्या तपासणीची ती अगदी रास्त किंमत आहे.